बॅनर कुणाच्या माळ्यावर?

फुटबॉलच्या सामन्यात समर्थकांनी स्टँडमध्ये झळकवायचा ३० फूट रुंद आणि २० फूट उंच बॅनर शिवायचा तर ३६ इंच पन्ह्याच्या मांजरपाटाच्या ११ पट्ट्या लागतात. कागदावर १० पुरतात, पण प्रत्येक जोडात दोन इंच शिलाईत जातात आणि नऊ जोड झाले की बॅनर दीड फूट तोकडा पडतो. ११ पट्ट्या म्हणजे २२० फूट कापड, साधारण ६७ मीटर. वर-खाली दांडी घालायचा नेफा धरला की ७० मीटर. नुसत्या कापडाचं वजन सात-आठ किलो, रंग चढला की बाराच्या घरात. पुष्कळ जण हे सोडून फ्लेक्स छापून आणतात. फ्लेक्स जड असतो, घडी पडली की रंग तडकतो आणि एका सामन्यात त्याचं पोतेरं होतं. कापडाच्या गावात कापडाचा किंवा शिवणाऱ्या हातांचा तुटवडा नाही, त्यामुळे सोलापुरात तरी फ्लेक्सचं समर्थन करायला कुणाकडे कारण नसावं.

सामना संपल्यावर ही बारा किलोची घडी कुठे जाते, हा खरा प्रश्न. सोयीचं उत्तर ठरलेलं आहे: क्लबच्या ऑफिसात, बॉलच्या जाळीशेजारी. जागा आहे, कुलूप आहे, पुढच्या सामन्याला तिथूनच उचलायचा आहे. मात्र ज्या दिवशी क्लबच्या कारभाराविरुद्ध दोन शब्द लिहून झळकवायची वेळ येते, त्या दिवशी बॅनर कुलपात असतो आणि किल्ली ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच खिशात.

फुटबॉल क्लब आणि त्याच्या समर्थकांची संघटना यांचं नातं कसं असावं यावर माझं म्हणणं एवढंच आहे: घरोबा असावा, पण चूल वेगळी असावी. पैसा वेगळा, किल्ली वेगळी, शिक्का वेगळा आणि दोघांच्या मध्ये सही केलेला एक कागद. आपल्याकडे यातलं सगळ्यात अवघड काम कागदाचं नाही. अवघड आहे फुकटचा पास नाकारणं.

कुस्त्यांचा फड असो, नाटक असो की क्रिकेटचा सामना, पास मागण्यात सोलापुरात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट तिकीट काढणाऱ्यालाच ‘तुझ्या ओळखीचं कोणी नाही का रे?’ असं ऐकावं लागतं. हीच सवय समर्थक संघटनेला पहिल्या वर्षी संपवते. समजा क्लबने संघटनेला ३०० जागा दिल्या आणि तिकीट ५० रुपये आहे. फुकट दिल्या तर क्लबचे १५,००० रुपये बुडाले असं वाटतं. प्रत्यक्षात क्लबने १५,००० रुपयांत ३०० तोंडं विकत घेतलेली असतात, आणि हा सौदा फार स्वस्त आहे. शिवाय ते ३०० पास समर्थकांपर्यंत पोचतच नाहीत. काही कार्यकारिणीच्या पाहुण्यांकडे जातात, काही पेठेतल्या भाऊ-अण्णांकडे, काही गेटबाहेर २० रुपयांना विकले जातात. मग ज्याने हलगी वाजवायची तो बाहेर आणि ज्याला आपली टीम कुठल्या रंगात खेळतेय हेही ठाऊक नाही तो सावलीतल्या खुर्चीत.

याला सरळ पद्धत आहे. संघटनेने तिकिटं विकत उचलावीत, ५०-५० च्या सहा पुस्तकांत, क्रमांकासह. सवलत हवीच असेल तर १० टक्के घ्यावी, पण ५० च्या वर तिकिटं घेणाऱ्या कुठल्याही गटाला, शाळेला, कारखान्याला तीच सवलत असावी. म्हणजे ती मेहेरबानी राहत नाही, तो दर होतो. ३०० तिकिटांचे ४५ रुपयांनी १३,५०० होतात. न विकलेली तिकिटं सामन्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत स्थळप्रतींसह परत करायची, नंतर नाही. पैसे क्लबच्या बँक खात्यात भरायचे. हल्ली घोळ होतो तो इथे: गेटवरचा क्यूआर कोड क्लबच्या नावाचा नसतो, चिटणीसाच्या मेव्हण्याच्या नावाचा असतो. यात चोरी असतेच असं नाही, निव्वळ आळसही असतो. पण वर्षअखेरीला हिशेब जुळत नाही आणि भांडण ‘तुम्ही खाल्ले’ यावर येतं.

मोठ्या क्लबांतही हेच होतं, फक्त शून्यं वाढतात. इटलीत युव्हेंटसने आपल्या कट्टर समर्थक गटांना तिकिटांचे गठ्ठे दिले. गटांनी ती चढ्या भावाने विकली. क्लबला त्या बदल्यात स्टँडमध्ये शांतता हवी होती. २०१७ मध्ये तिथल्या फुटबॉल महासंघाने क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष आंद्रेआ अन्येली यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली. अपिलात ती उठून दंड राहिला. अर्जेंटिनातल्या कट्टर समर्थकांच्या ‘बारा ब्रावा’ टोळ्यांची कमाई तर तिकिटांपासून स्टेडियमबाहेरच्या पार्किंगपर्यंत पसरलेली आहे. सुरुवात सगळीकडे ‘आपलीच पोरं आहेत, द्या की चार पास’ इथूनच होते.

समर्थकांनी मागायचं काय, हेही एकदा नीट ठरवायला हवं. गोलकीपर कोण, फॉर्मेशन ४-४-२ की ४-३-३, कोच ठेवायचा की काढायचा, यातलं काहीही संघटनेच्या हातात नसावं. ओरडायला कुणी अडवलेलं नाही. पण ठराव करून कोचला काढायची मागणी करणारी संघटना पुढच्या वर्षी आपल्या पेठेतला पोरगा संघात घ्या म्हणून ठराव करते. संघटनेचा हक्क वेगळ्या जागी आहे: नाव, रंग, चिन्ह, मैदान आणि हिशेब. खेळाडू पाच वर्षांत बदलतात, मालक दहा वर्षांत. या पाच गोष्टी टिकल्या तरच क्लब तोच राहतो, आणि त्या जपायला माणसं तीच राहावी लागतात.

कोलकात्याचं उदाहरण याला पुरेसं आहे. मोहन बागान १८८९ सालचा क्लब. २०२० मध्ये त्याच्या फुटबॉल विभागात आरपीएसजी या उद्योगसमूहाने ८० टक्के हिस्सा घेतला आणि संघाच्या नावापुढे ‘एटीके’ (समूहाच्या आधीच्या संघाचं नाव) लागलं. समर्थकांनी पैशाला विरोध केला नाही. पैशाशिवाय आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) उतरता येत नाही हे त्यांना कळत होतं. विरोध त्या तीन अक्षरांना होता. ‘रिमूव्ह एटीके’ ही मागणी जवळजवळ तीन वर्षं चालली, आणि १८ मार्च २०२३ ला गोव्यात संघाने आयएसएलचा चषक जिंकल्यावर मालक संजीव गोयंका यांनी नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’ होईल असं जाहीर केलं. पाठीमागचं शेपूट राहिलं, तरी पुढचं गेलं. मागणी नेमकी होती म्हणून ती टिकली आणि म्हणून पुरीही झाली.

त्याच शहरात ईस्ट बंगाल क्लबचं उलट झालं. गुंतवणूकदार कंपनीशी करायच्या अंतिम करारावर क्लबचे पदाधिकारी सही करेनात. करारात नेमकं काय आहे हे सामान्य समर्थकाच्या हातात नव्हतं. २१ जुलै २०२१ ला समर्थक क्लबच्या तंबूबाहेर जमले, त्यांच्यातच दोन तट पडले आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन घरी गेले. एक बाजू पदाधिकाऱ्यांची, दुसरी सही करा म्हणणाऱ्यांची, आणि कागद मात्र दोघांनीही वाचलेला नाही. सोलापुरातल्या कुठल्याही मंडळाच्या भांडणाला हा प्रकार ओळखीचा वाटेल.

नाव, रंग, चिन्ह यांवरचा समर्थकांचा हक्क इंग्लंडने आता कायद्यात घातला आहे. २००२ मध्ये विंबल्डन हा लंडनचा क्लब थेट मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी एएफसी विंबल्डन नावाचा नवा क्लब काढला आणि खालच्या पायरीपासून सुरुवात करून २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये नेला. कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली, २०१५ मध्ये त्याला निळ्यावर परत यावं लागलं. अशा अनुभवांनंतर २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने क्लबचं चिन्ह आणि घरच्या मैदानावरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायला समर्थकांच्या बहुमताचा पाठिंबा बंधनकारक केला. कोच कोण असावा यावर मात्र कायदा अवाक्षर काढत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता आपल्या बाजूचा आक्षेप. ‘हे सगळं तिकडचं. आपल्याकडे क्लब आणि मंडळ वेगळं नसतंच.’ हे खरं आहे, आणि त्याचा उत्तम नमुना कोल्हापुरात आहे. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमीच संघ उतरवतात. खेळाडू तालमीचा, समर्थक तालमीचा, वर्गणी तालमीची. शाहू स्टेडियम भरतं ते यामुळेच, आणि त्याबद्दल हेवा वाटला पाहिजे. पण त्याची दुसरी बाजू तिथल्याच लोकांना विचारावी. समर्थकांची हाणामारी झाली की शिक्षा कुणाला करायची? संघाला केली तर खेळाडूचं नुकसान, समर्थकांना करायची तर जबाबदार धरता येईल अशी वेगळी संघटनाच नाही. सोलापूरला हा वारसा नाही. आपल्याकडे फुटबॉलचा गोतावळा लहान आहे, मोहल्ल्यात, रेल्वे लाइनीत, शाळा-कॉलेजच्या मैदानावर विखुरलेला. म्हणूनच इथे पाटी कोरी आहे, पहिल्यापासून वेगळी चूल मांडता येते.

आणि माणसं जमवण्याची कला सोलापूरला कुणी शिकवायची गरज नाही. दोनशे पोरं लेझमीच्या एका तालावर वळवणारं गाव हे. ती शिस्त स्टँडमध्ये आणायची, एवढंच. पण मंडळांची दुसरी सवय आणायची नाही. फ्लेक्सवर वरच्या ओळीत सात फोटो, मध्ये ‘मालक’ हात जोडून उभे आणि खाली कोपऱ्यात नखाएवढा बॉल, ही ती सवय. इथे वजनदार माणसाला आदराने मालक म्हणायची रीतच आहे. समर्थक संघटनेत हा शब्द आला की सावध व्हावं. देणगी कुणाचीही घ्यावी, पावती द्यावी, नाव वार्षिक अहवालात छापावं. स्टँडमध्ये फोटो लावू नये. हा नियम घटनेत लिहावा, कारण निवडणुकीच्या वर्षात तोंडी नियमाला कुणी विचारत नाही.

घटना म्हटली की नोंदणी आली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. हे काम वकील करून देतो. अवघड ते नाही. बहुतेक मंडळं मरतात ती चेंज रिपोर्टवर. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उत्साहात निवडणूक होते, हार-तुरे होतात, अर्ज राहून जातो. मग कागदावर जुना अध्यक्ष, मैदानात नवा. बँक कागद बघते, सह्या बदलत नाही. जुना खजिनदार पुण्याला नोकरीला गेलेला असतो आणि खात्यातले पैसे त्याच्या सहीवाचून अडकून पडतात. रोख व्यवहार सुरू होतो तो तिथून. म्हणून निवडणुकीच्या सभेतच, उठण्याआधी, नव्या-जुन्या दोन्ही कार्यकारिणीच्या सह्या, इतिवृत्ताची प्रत आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स गोळा करून घ्याव्यात. चहा त्यानंतर द्यावा. चहा आधी दिला की निम्मे लोक निघून जातात.

एक अट आणखी: क्लबचा कुठलाही पदाधिकारी, पगारी माणूस किंवा त्याचा घरचा माणूस संघटनेच्या कार्यकारिणीत नको. गाव लहान, सगळे एकमेकांचे पाहुणे, ही अडचण मान्य. तरी अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार या तीन खुर्च्यांपुरती तरी ती पाळावी.

दोघांमधल्या कागदाबद्दल फार लांबण लावत नाही, दोन पानांचा असला तरी पुरे. वर्षातून चार बैठका, तारखा हंगामाआधी ठरलेल्या. क्लबच्या जमाखर्चाचा गोषवारा समर्थकांना दाखवायचा: प्रायोजकांकडून किती, गेटवर किती, प्रवास-जेवण-पंचांचं मानधन किती. आणि दोन्हीकडून एक-एक ठरलेला माणूस, ज्याचा फोन सामन्याच्या दिवशी उचलला जाईल. युरोपात युएफाने (तिथली फुटबॉलची शिखर संघटना) २०१२-१३ च्या हंगामापासून क्लब परवान्यासाठी असा समर्थक संपर्क अधिकारी सक्तीचा केला. आपल्याकडे पगारी अधिकारी परवडणार नाही, पण क्लबच्या मॅनेजरलाच ते काम चिकटवू नये. सामन्याच्या दिवशी त्याला खेळाडूंचे ओळखपत्र आणि जर्सीचे नंबर यातून डोकं वर काढता येत नाही.

या माणसाचं काम काय ते सामन्याच्या दिवशीच दिसतं. बॅनरच्या दांड्या बांबूच्या नकोत, पोलीस गेटवर काढून घेतात आणि घ्यायलाच हव्यात. पोकळ पीव्हीसी पाइप चालतो, पण तो चालतो हे आदल्या दिवशी पोलिसांकडून वदवून घेतलेलं असावं. नाहीतर पाच मिनिटं आधी गेटवर वाद. हलग्या किती आत जातील, कोणत्या ठिकाणी, पाहुण्या संघाचे लोक कुठे बसतील, बाहेर पडायचा रस्ता कुठला. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात मारामारी आणि चेंगराचेंगरीत १६ समर्थक गेले. इंडोनेशियात १ ऑक्टोबर २०२२ ला पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे धावले, १३५ माणसं मेली. दोन्ही ठिकाणी आधी कुणी विचारायला हवं होतं की कोण कुठे बसणार आणि दार कुठलं उघडं राहणार. सोलापुरात तेवढी गर्दी होत नाही म्हणून हा प्रश्न सोडून देण्यात अर्थ नाही. ३०० माणसांना चार फुटांचं एक दार पुरत नाही.

पाण्याचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२ च्या वर जातो, सामना साडेचारला सुरू केला तरी पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या स्टँडच्या डोळ्यांत ऊन असतं. माणशी एक लिटर धरलं तर ३०० जणांना २० लिटरचे १५ जार लागतात. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा ‘तिथे नळ आहे की’ या उत्तरावर जाऊ नये. जार क्लबने मागवावेत की संघटनेने? संघटनेने. क्लबने मागवलेले जार व्हीआयपी मंडपात जाऊन बसतात. हे दुष्टपणाने होत नाही, टेम्पोवाल्याला मंडप आधी दिसतो.

घोषणांची भाषा हा खास इथला विषय. एका स्टँडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे शेजारी-शेजारी बसतात. जी घोषणा चौघांनाही म्हणता येते तीच टिकते, आणि जात, धर्म, पेठ यांच्या नावाने घोषणा देणाऱ्याला त्याच्याच संघटनेने बाहेर काढायचं, पोलिसांची वाट बघायची नाही. हा अधिकार आणि ही जबाबदारी कागदात लिहिलेली असावी. क्लबने पोलिसांकरवी संघटनेची माणसं उचलायला लावली की संघटना पुढच्या सामन्याला येत नाही, आणि तिने स्वतः काढलं तर दुसऱ्या दिवशी तोच पोरगा माफी मागून परत येतो.

क्लबच्या बाजूचा एक रास्त मुद्दा राहतो. ‘पैसा आमचा, तोटा आमचा, मग हिशेब यांना का?’ जर्मनीत १९९८ पासूनचा ‘५० अधिक १’ नियम म्हणतो की मतांचं बहुमत सभासदांच्या मूळ क्लबकडेच राहील, काही अपवाद सोडून. आपल्या क्लबांना तो जसाच्या तसा लावणं हास्यास्पद होईल, मताला विचारावं एवढी मालमत्ताच नसते. बूट, बॉल, जर्सीचे दोन सेट आणि एक दिलदार माणूस, एवढाच क्लब. पण अशा क्लबला समर्थकांच्या वर्गणीचीही गरज लागतेच, आणि ज्याच्याकडून वर्गणी घेतली त्याला हिशेब दाखवायचा, हे गणेशोत्सवातही पाळलं जातं. संघटनेने देणगी देताना रोख देऊ नये. गोलकीपरचे हातमोजे, बाहेरगावच्या सामन्याची गाडी असं एक काम उचलावं आणि बिल दुकानदाराला थेट भरावं. वर्षअखेरीला दोघांच्या वहीत तोच आकडा निघतो.

आणि निषेध. तो करायची वेळ येणारच, म्हणून त्याची रीत आधी ठरलेली बरी: आधी लेखी पत्र, १५ दिवस थांबायचं, मग बैठक, मग स्टँड. ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलचे हजारो समर्थक ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून गेले. संघ २-० ने पुढे होता, सामना २-२ सुटला, आणि काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. जर्मनीत डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या ३६ पैकी २४ क्लबांनी गुंतवणूकदार आणायचा ठराव केला, तेव्हा समर्थकांनी मैदानात टेनिसचे चेंडू टाकून सामने अडवले. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो बेत सोडला. मला पहिला मार्ग पसंत आहे. मैदानात काही फेकण्याची सवय एकदा लागली की चेंडूनंतर बाटली यायला वेळ लागत नाही. पहिली १५ मिनिटं हलगी बंद, बॅनर गुंडाळलेला, स्टँड गप्प: सोलापूरच्या खेळाडूलाच काय, पंचालाही ते चटकन कळेल.

यासाठी बॅनर हाताशी पाहिजे. तो शिवणाऱ्याच्या दुकानाच्या माळ्यावर ठेवावा. घडी घालू नये, पाइपावर गुंडाळावा. पावसाळ्यात महिन्याला एकदा उलगडून वाळवावा, नाहीतर बुरशी धरते. किल्ल्या दोन, दोन्ही संघटनेच्या माणसांकडे, आणि माळ्यावरच्या खिळ्याला टांगलेल्या वहीत नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, सही.